पांढरी पाच

आमचा अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणू लागला तेव्हा त्याची सगळी दुरुस्ती करून झाली होती, आणि माझ्या संतापाचे खरे कारण तेच होते.

वडिलांनी १९८४ साली घेतलेला हा अ‍ॅम्प्लिफायर पंचवटीतल्या घरी कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. लाकडी खोके, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मागे जोडणीसाठी पाच पिनांची जुनी गोल डिन सॉकेटे आणि दोन पिनांची वायर. त्याचे मूळचे स्पीकर कधीच कुणाला तरी देऊन झाले होते. आताची जोडी मी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठण्यापूर्वी तिथून वजनावर आणली होती. वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, चुंबक जड असते, त्यामुळे वजनावर घेताना चांगला स्पीकर महाग पडतो; त्या व्यवहारातला तेवढाच काय तो न्याय.

इतक्या वर्षांनी यंत्राला थेट वीज द्यायची नसते, हे मला आधीपासून ठाऊक होते. जुन्या तारेचा साठ वॉटचा दिवा शोधून तो विजेच्या वाटेत सिरीजमध्ये जोडला आणि मग बटण दाबले. दिवा क्षणभर झळकून मंदावला, तर आत शॉर्ट नाही असे समजावे. लख्ख पेटून राहिला, तर लगेच हात आवरावा. आमचा मंदावला. आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी पाहिले, तर दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मिलिव्होल्ट, म्हणजे स्पीकर जोडायला हरकत नव्हती. हे न पाहता स्पीकर जोडणारा माणूस खराब झालेल्या एका ट्रान्झिस्टरपायी वूफरची कॉइलही जाळून बसतो.

खरे काम स्पीकरचे निघाले. चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कोन, ही रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडली, आणि आजही बाजारातला बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातला असतो. त्या कोनाला बाहेरच्या चौकटीशी जोडणारी कड मात्र प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे बदलली. माझ्या आठ इंची वूफरची कड फोमची होती. कापडाची किंवा रबराची कड दीर्घकाळ टिकते. फोम हवेतला ओलावा पीत पीत पंधरा-वीस वर्षांत विरून जातो, आणि नाशिकच्या पावसाळ्यात त्याला पिण्यासारखे पुष्कळ असते. बोट लावताच ती कड जुन्या चिकट गुळासारखी बोटावर आली आणि उरलेली चौकटीत भुकटी होऊन पडली.

नव्या कडा आणण्यासाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठला. कड चिकटवणे सोपे आहे. कठीण आहे ते कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर राखणे, कारण तिथे जेमतेम केसभर जागा असते आणि कॉइल कणभर कलली तरी जन्मभर घासत राहते. त्यासाठी कोनाच्या मधली टोपी ब्लेडने कापून काढली आणि आजोबांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या चार अरुंद पट्ट्या कापून कॉइलच्या आत, चार दिशांना, खोवल्या. एका पट्टीवर वाटीचा अर्धा कडा स्पष्ट दिसत होता. मग रबरी डिंकाने कड बसवली, चोवीस तास वाट पाहिली, पट्ट्या हलकेच उपसल्या, आणि दोन्ही हातांची बोटे कोनावर टेकवून तो खालीवर दाबला. खसखस आली नाही. एवढ्याशा शांततेने माणसाला किती आनंद व्हावा, हे तो उद्योग केल्याशिवाय कळत नाही.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला, कारण दोन्ही स्पीकर एकत्र लावले तेव्हा खालचे सूर गायबच होते. दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची धन बाजू लाल टोकाला लावली, की कोन बाहेर उडी मारतो. माझा एक बाहेर गेला, दुसरा आत. एका वूफरच्या तारा जोडताना मीच उलट्या केल्या होत्या. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि तबल्याचा बायाँ दोघांच्या मध्येच जिरून जातो.

इतपत झाल्यावर शहाण्या माणसाने थांबावे. पण दुरुस्ती जमली की हाताला सुधारणेची खाज सुटते. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाटेवरचा जुना खारकेएवढा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून मी तेवढ्याच मूल्याचा, पण आकाराने अंगठ्याहून मोठा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर बसवला. सतारीच्या तारा सुयांसारख्या टोचू लागल्या. जुन्या कपॅसिटरच्या अंगी थोडा रोध असतो, आणि स्पीकर जुळवणाऱ्याने तोही हिशेबात धरलेला असू शकतो. नव्यात तो जवळजवळ नाहीच. शेवटी एक ओहमचा रोधक मुद्दाम सिरीजमध्ये टाकला, म्हणजे पैसे देऊन काढलेला दोष पुन्हा पैसे देऊन आत बसवला. आता कान टोचत नाहीत.

दुसरी सुधारणा मात्र मला आजही योग्य वाटते. दोन पिनांच्या वायरीमुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या येत. मी तीन पिनांची वायर लावून पत्र्याला अर्थिंग दिले. झिणझिण्या गेल्या आणि गुणगुण आली.

गुणगुण म्हणजे फिल्टरचे, म्हणजे विजेतली लहर गाळणारे, कपॅसिटर वाळले, हे दुरुस्तीतले पहिले सूत्र. म्हणून ४७०० मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर बदलले. गुणगुण तसूभरही कमी झाली नाही. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू पिठाची चाळण मागायला खाली आल्या. काकू पेटी शिकवतात. चाळण हातात घेऊन त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तुझा डबा पांढरी पाचमध्ये गातोय. किंचित चढा आहे, एवढंच."

मी हरखलो. रेक्टिफायर विजेच्या लाटेच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे आपल्या सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर फिल्टरमधून सुटलेली गुणगुण १०० आवर्तनांची असते, आणि पेटीतली खर्जाची पांढरी पाच, म्हणजे खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, ९८ च्या आसपास येते. म्हणजे दोष फिल्टरचाच, नवे कपॅसिटरच बनावट निघाले, असे मी काकूंना समजावून सांगू लागलो.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "खर्जातली नाही, त्याच्याही खालची. ती माझ्या पेटीत नाहीच."

एक सप्तक खालची म्हणजे निम्मी, ४९; किंचित चढी म्हणजे ५०, म्हणजे सरळ भिंतीतली वीज, रेक्टिफायरला शिवलेलीसुद्धा नाही. माझे दोन्ही कपॅसिटर निर्दोष होते, आणि काढून टाकलेले जुनेही बहुधा असावेत. टीव्हीचा आवाज मी अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. टीव्हीला केबलची तार येत होती, तिचे जाळीचे आवरण गल्लीतल्या खांबावर कुठेतरी जमिनीला भिडले होते, आणि तीन पिनांच्या कृपेने आमचा पत्राही आता जमिनीला भिडला होता. दोन अर्थिंगांच्या मध्ये तारांचा एक मोठा वेढा तयार झाला होता, आणि त्यात फिरणारी वीजच गुणगुणत होती. केबलची पिन उपसली आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. एवढ्या खटपटीत एकही ट्रान्झिस्टर बिघडलेला सापडला नव्हता. जे बिघडले ते दोन वस्तू एकमेकींना भेटतात तिथेच, कोन आणि चौकट, तार आणि टोक, आमचे घर आणि गल्ली.

अशा वेळी अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. झिणझिण्या विसरलेल्यांचा तो सल्ला आहे. मी केबलच्या वाटेत त्या आवरणाचा जमिनीशी संबंध तोडणारा एक छोटा आयसोलेटर बसवला, आणि टीव्ही व गाणे पुन्हा एकत्र नांदू लागले.

व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर तेवढी राहिली आहे. आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे, स्प्रेने ती आठवडाभर जाते आणि परत येते, आणि त्या मापाचा जोडीचा व्हॉल्यूम कंट्रोल मला अजून मिळालेला नाही. बटण हवे तिथून जरा पुढे नेऊन मागे आणले की खरखर थांबते. घरात सगळ्यांच्याच हाताला आता ते वळण पडले आहे. परवा काकूंनीही आवाज वाढवताना बटण आधी पुढे नेले आणि मग मागे आणले.