एलएलबी आणि स्कॉलरशिपचा फॉर्म

सीईटी दिली, कॅप राऊंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) नांदेडला तीन वर्षांच्या एलएलबीला नंबर लागला, आणि मग सुरू झालं महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. आमचे पप्पा रिक्षा चालवतात. अनुसूचित जातीसाठीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) स्कॉलरशिपला घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. ते आमचं आहेच, पण ते सिद्ध करणारा तहसीलदारांचा दाखला हवा. त्यासाठी आधी तलाठी, मग सेतू केंद्र, जिथे दाखल्याचा अर्ज भरतात. पप्पा म्हणाले, "बाई, कमाई नाही याचंही सर्टिफिकेट लागतं का?"

फॉर्म तसा अवघड नाही. घोळ बँकेच्या खात्याचा असतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि माझं आधार जोडलं होतं भलत्याच जुन्या खात्याला. ते आधी बघून घ्या, बाकी सगळं नंतर. शिवाय २०२१ पासून रक्कम दोन तुकड्यांत येते: राज्याचे ४० टक्के वेगळे, केंद्राचे ६० वेगळे. फीचा वाटाही आपल्याच खात्यात येतो आणि तो आपण कॉलेजात भरायचा. (घरात अडचण असली की हात लावायचा मोह होतो, खरं सांगते.)

पुढच्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, खर्चाचंही टेन्शन होतं. पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलला कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. खुल्या प्रवर्गाला ७५०, आम्हाला १२५ रुपये. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "एवढे तर मी आत्ता देतो."