तुम्ही विचारलंत म्हणून: आपली पिकअप बर्फात चालेल का?

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटसमोर गाड्यांची रांग लागते. नंबर लागायला कधी चार तास, कधी अख्खी रात्र. पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसतात आणि त्यात हमखास कुठलीतरी अमेरिकेतली पिकअप कंबरेएवढा बर्फ उडवत निघालेली असते. मग कुणीतरी माझ्या गाडीच्या खिडकीशी येतं. "फौजीकाका, आपली पिकअप चालन काय हो बर्फात?"

मी आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर होतो. दोन हिवाळे लडाखमधल्या द्रासच्या बाजूला काढले. आता दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावात पिकअप चालवतो. कापूस, सोयाबीन, खताच्या गोण्या, कधी लग्नाचं सामान. एकाच माणसानं बर्फही पाहिला आणि पिकअपही चालवली, असा गावात मी एकटाच. म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

माझं उत्तर "चालते" असंच आहे. पण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून इथं लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपचं इंजिन पुढं आणि ताकद जाते मागच्या चाकांना. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंग, दीड टन वजन पेलायला बनवलेले. डाला रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, आणि ढकलायचं काम तर त्याच चाकांचं. डांबरी रस्त्यावर हे जाणवत नाही. फार तर खड्ड्यात मागची बाजू उड्या मारते आणि आपण पाट्यांना शिव्या देतो. बर्फात मात्र गाडी रिकामी आहे एवढ्याच कारणानं फसते. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच चढ.

हे मला श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावरच्या झोजिला घाटात कळलं. नोव्हेंबर संपत आला होता. घाट हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आधी माल पोचवायची घाई असते, तशी सगळ्यांचीच चालली होती. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर आहे. ज्याला आपण खिंड म्हणू, त्याला तिकडच्या भाषेत 'ला' म्हणतात. आमचे स्टॅलियन ट्रक भरलेले, चारही चाकांना ताकद, चाकांना चेन. समोरून एक सिव्हिल पिकअप येत होती. कारगिलला भाजी उतरवून रिकामी परत निघालेली. माताइन गावाच्या पुढं चढ लागला आणि तिचं मागचं अंग डावीकडं-उजवीकडं झुलायला लागलं. ड्रायव्हरनं अॅक्सिलरेटर दाबला. चाकं जाग्यावर फिरली आणि खालचा भुसभुशीत बर्फ घोटून त्याचा आरसा केला. आता तर ती हातानं ढकलूनही हलेना.

आमच्या सुभेदार साहेबांनी काय करावं? त्याला शिव्या घातल्या, तो भाग वेगळा. मग आम्हा आठ-दहा जणांना उतरवलं आणि रस्त्याच्या कडेचे गोटे त्याच्या डाल्यात भरायला लावले. डाल्यात कुठंही नाही. केबिनच्या पाठीपासून मागच्या एक्सलपर्यंत. एक्सलच्या मागं, फळक्याजवळ वजन टाकलं तर गाडीचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. अंदाजे तीन क्विंटल गोटे भरले. चाकांखालचा घोटलेला बर्फ फावड्यानं खरवडला, मूठ मूठ खडी टाकली. त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत गाडी उचलली. पहिल्या गिअरमध्ये चाकाला झटका जास्त बसतो आणि ते फिरतं, म्हणून दुसरा. गाडी निघाली.

तिकडच्या थंड देशांत पिकअपवाले हिवाळाभर मागं वाळूची पोती ठेवतात, ते यासाठीच. वाळूचा दुसरा फायदा म्हणजे फसलं की पोतं फोडून चाकाखाली टाकता येतं. पण ती पोती बांधून ठेवावी लागतात. ब्रेक मारल्यावर सुटलेलं पोतं केबिनची काच घेऊन पुढं येतं.

आता फोर बाय फोर. ज्याला त्याला वाटतं की फोर बाय फोर घेतली की झालं. बोलेरो कॅम्परमध्ये मिळते, इसुझूची व्ही-क्रॉस आहे, टोयोटाची हायलक्स आपल्याकडं २०२२ मध्ये आली. चारही चाकं ओढायला लागली की गाडी निघते, यात वादच नाही. पण फोर बाय फोर गाडी *हलवते*, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उतारावर ब्रेक दाबला की फोर बाय फोरवाला आणि साधा पिकअपवाला सारखेच घसरतात. फोर बाय फोरवाला थोडा जास्त वेगात असतो एवढंच, कारण चढ सहज चढून आलेला असतो. झोजिलाचा बालतालच्या बाजूचा उतार ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

रिकाम्या पिकअपचं आणखी एक दुखणं उतारावरच कळतं. आपल्याला सवय असते गिअर उतरवून इंजिननं गाडी आवरायची. ते आवरणं फक्त मागच्या चाकांवर येतं. मागं वजन नाही, खाली बर्फ. गिअर धाडकन टाकला की मागची चाकं अडतात आणि डाला पुढं यायला बघतो. म्हणून गिअर उताराच्या आधीच, वर सपाटीवर टाकायचा.

आणि टायर. आपल्या टायरचं रबर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या डांबराला टिकावं म्हणून बनवलेलं. सात अंशांच्या खाली ते कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरतो आणि बर्फ बर्फाला धरतो. विचित्र वाटतं, पण आपण लहानपणी गारा कुटून गोळा करायचो तसंच आहे ते. भुगा भुग्याला चिकटतो.

गारांवरून आठवलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. एका दुपारी आमच्या फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता पांढरा झाला. शेजारचा पोरगा धावत आला, "काका, हाच काय तुमचा बर्फ?" हा नाही. गार कडक, गोल, टायरखाली गोट्यांसारखी पळते. तेव्हा मात्र गाडीबद्दल बोलायची कुणाची इच्छा नव्हती. गहू आणि हरभरा आडवा पडला होता.

आता व्हिडिओतला कंबरेएवढा बर्फ. तो तसा उडतो कारण तो ताजा, भुसभुशीत, कापसासारखा हलका असतो. तरीही गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. बर्फ त्याहून जास्त झाला की पोटाखाली दाबला जातो, घट्ट होतो आणि गाडी त्याच्यावर टेकते. चाकं लोंबकळतात. मग फोर बाय फोर असो की एट बाय एट. आइसलंडमध्ये आर्क्टिक ट्रक्स नावाची कंपनी आहे. ती हायलक्सला ४४ इंची टायर बसवते, खोल बर्फात त्यातली हवा अगदी थोडी ठेवतात, आणि टायर पसरून उंटाच्या पायासारखा बर्फाच्या वरून चालतो. त्यांच्या गाड्या अंटार्क्टिकावर चालतात. आपल्या टायरनं ते होणार नाही. गुडघाभर ताज्या बर्फात आमचा स्टॅलियनही थांबायचा, आणि सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सीमा सडकवाल्यांचा डोझर येईस्तोवर आम्ही स्टोव्हवर चहा करायचो.

बाहेर. गाडीच्या आत नव्हे. बर्फात अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसणारे लोक सायलेन्सर बर्फात बुजलाय का ते पाहत नाहीत. धूर आत येतो, झोप लागते, आणि माणूस उठत नाही.

लोकांना आणखी वाटतं की जितकी थंडी जास्त तितकी घसरण जास्त. उलट आहे. उणे वीसमध्ये बर्फ कोरडा असतो, टायरखाली कुरकुरतो, बऱ्यापैकी पकड देतो. शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, ते सगळ्यात वाईट. दुपारी ऊन पडून रस्त्यावर पाणी वाहतं, संध्याकाळी गोठतं, आणि वरून पाहिलं तर नुसता ओला डांबरी रस्ता दिसतो.

तर मग आपल्या काळ्या मातीत मुरलेला ड्रायव्हर बर्फात चालेल का? हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, पण खरा तो आहे. मी उलट्या बाजूनं शिकलो. बर्फातून घरी आलो, पिकअप घेतली, आणि पहिल्याच जुलैत पांदणीत फसलो. खताच्या गोण्या वावरात उतरवून रिकामा परत येत होतो. झोजिलाच्या सवयीनं हळू, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सांभाळत. काळ्या मातीत हेच चुकलं. ती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत लाडू होऊन जातो. तिथं चाक थोडं फिरू द्यावं लागतं, म्हणजे माती उडून नक्षी मोकळी होते. बर्फात चाक फिरवलं की आरसा, चिखलात नाही फिरवलं की लाडू. शिवाय बर्फाखाली कुठंतरी रस्ता असतो. आपल्या पांदणीला पावसाळ्यात तळ नसतो. मुरूम टाकलेला असला तरच.

धुऱ्यावरून माझा चुलतभाऊ ओरडला, "काय फौजी, बर्फात नाही फसला आन् इथं फसला काय?"

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी निघाली. पऱ्हाट्या टाकून झाल्या, दगड टाकून झाले, गाडी हलेना. तेव्हा निंदणाऱ्या आठ बायकांना मी हात जोडून डाल्यात उभं केलं. केबिनला धरून, एक्सलच्या पुढं. चार-साडेचार क्विंटल वजन झालं असेल. त्या इतक्या हसत होत्या की गाडी हलतेय ती इंजिननं की त्यांच्या हसण्यानं, कळेना. निघाली. फाट्यापर्यंत कुणी उतरायला तयार नव्हतं.

राहिलं इंजिनचं. आपल्याकडं रेडिएटरमध्ये अजूनही बोअरचं पाणी भरणारे आहेत. गोठलं की पाणी फुगतं आणि ब्लॉक तडकतो, म्हणून पाणी गोठू न देणारं कुलंट पाहिजेच. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. आम्ही पहाटे टाकीखाली शेगडी धरायचो, आता सांगताना अंगावर काटा येतो. २०१९ पासून लडाखमध्ये इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

परवा हे सगळं मी रांगेतल्या एका पोराला सांगितलं. तो मनालीला जायचं म्हणत होता. त्यानं शांतपणे ऐकलं, माझ्या डाल्यातल्या कापसाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मंग कापूस भरूनच जातो ना काका. भाव तिकडं बरा असन तर इकून येतो."