बामणोलीच्या पैलतीरावरून साताऱ्यापर्यंत : तीन मिनिटांच्या ऑनलाइन सादरीकरणासाठी तीन दिवस

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे संशोधन ऑनलाइन मांडण्याचा आमच्या विभागाचा कार्यक्रम सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होता आणि परिपत्रकात "विद्यार्थ्यांनी आपल्या सोयीच्या ठिकाणाहून सहभागी व्हावे" असे स्वच्छ लिहिलेले होते. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी बामणोलीसमोर, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या गावात, म्हणजे माझ्या क्षेत्रकामाच्या ठिकाणीच थांबले, आणि पुढचे तीन दिवस त्याची भरपाई करत राहिले. जावळीच्या खोऱ्यात किंवा कोयनेच्या पाण्याकाठी काम करणाऱ्यांवर पुढच्या वर्षी हीच वेळ येणार असल्याने हे सविस्तर लिहीत आहे. चढण, पाऊस आणि जळवा यांची सवय तुम्हाला असणारच, त्यामुळे त्यांबद्दल वेगळे काही सांगत नाही.

सादरीकरणाचे दोन भाग होते. पहिला म्हणजे तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि सोबत एकच स्लाइड. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा सुरू केली, तिच्यावरूनच हा साचा घेतलेला आहे. स्लाइड स्थिर हवी, तिच्यात हलती चित्रे चालत नाहीत, फोन आडवा धरायचा आणि आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड हवा. दुसरा भाग म्हणजे ठरलेल्या वेळी ऑनलाइन येऊन परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे. मी ज्या घरी राहते त्याच्यावर पत्रा आहे आणि पत्र्यावर पाऊस पडू लागला की समोरच्याचेही बोलणे ऐकू येत नाही. म्हणून पहाटे पाऊस थांबलेला असताना शाळेच्या खोलीत, फोन बाकावर पुस्तकांच्या आधाराने उभा करून, सहाव्या प्रयत्नात मी व्हिडिओ पूर्ण केला. तो चांगला झाला होता, पण फोनची मांडणी ४के या सर्वांत बारीक चित्राच्या दर्जावर राहिल्यामुळे फाइल एक जीबीच्या पुढे गेली होती आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आले नाही.

आता त्या टप्प्याबद्दल, ज्याच्यामुळे हा सगळा वृत्तांत लिहावा लागला. जलाशय काठोकाठ भरतो तेव्हा पाण्याची पातळी ६५९ मीटर असते आणि भोवतालचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे, हजार मीटरच्या वर आहेत. गाव त्या खोलगटात असल्याने टॉवर डोंगराआड जातो आणि घरात रेंज येत नाही. सड्याच्या कडेवर मात्र एका ठराविक खडकाशेजारी रेंजची एक काडी दिसते, आणि ही काडीच माणसाला फसवते. दोन तास चढून मी तिथे पोहोचले, छत्रीखाली फोन धरून बसले आणि विभागाच्या ऑनलाइन अर्जातून फाइल चढवू लागले. सकाळी साडेनऊपासून दुपारी दोनपर्यंत ती चार वेळा अर्ध्यावरून तुटली आणि प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू झाली. पाचव्या वेळी ती ९१ टक्क्यांवर गेली, तेवढ्यात कड्याखालून धुके वर आले, काडी गेली आणि ती परत आलीच नाही. त्या खडकावर मेसेज पोहोचतो, फोनवर बोलणेही होते, पण माहिती वर पाठवण्याचा वेग खाली घेण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो, हे मला तिथे भिजत बसून कळले. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या सड्यावर फाइल पाठवण्यासाठी कोणीही जाऊ नये, रेंजच्या दोन काड्या दिसल्या तरीही जाऊ नये. व्हिडिओ ७२० या कमी दर्जावर घेतला तर तो साधारण दोनशे एमबीत बसतो. विभागाने गूगल ड्राइव्हची लिंक स्वीकारण्याचे कबूल केले असेल तर तीच द्यावी, कारण ड्राइव्हचे अ‍ॅप तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे नेते आणि अर्जाचे पान तसे करत नाही.

साताऱ्याहून फाइल पाठवायची म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर आले तर लाँचवाले काका म्हणाले, "ताई, पाण्याला वारं हाय, धा वाजल्याबिगर काय सुटायची न्हाय." ते बरोबर होते आणि त्यांनी गावकऱ्यांकडून घेतात तेवढेच भाडे माझ्याकडून घेतले. बामणोलीत उतरेपर्यंत सकाळची एसटी गेलेली होती आणि वडाप, म्हणजे माणसे भरल्यावर सुटणारी जीप, भरायला माणसे नव्हती. तिथे उभ्या असलेल्या एका खासगी जीपवाल्याने साताऱ्यापर्यंतचे २,२०० रुपये सांगितले. व्हिडिओ पाठवायला संध्याकाळी पाचची मुदत होती, ती माझ्या बोलण्यातून त्याला कळली आणि तो एक रुपयाही खाली आला नाही. एरवी वडापने शंभराच्या आत होणाऱ्या प्रवासाचे हे पैसे माझ्या शिष्यवृत्तीतून गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. आपली घाई गाडीवाल्याला सांगू नका. शक्य असेल तर आदल्या दुपारीच पाणी ओलांडून बामणोलीत मुक्काम करा आणि सकाळची एसटी धरा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, तेव्हा ते दोन दिवस हिशेबातून वगळा. कासचे पठार त्या दिवशी फुललेले होते, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलेले आहे.

यवतेश्वरचा घाट उतरून राजवाड्याजवळच्या एका सायबर कॅफेत बसले आणि काल साडेचार तासांत न गेलेली फाइल तिथे अकरा मिनिटांत गेली. कॅफेतल्या मुलाने वीस रुपये घेतले.

प्रश्नोत्तरे तिसऱ्या दिवशी शाहूपुरीत मावशीच्या घरून दिली आणि ती माझ्या अपेक्षेपेक्षा फारच चांगली झाली. माझा विषय वायतुरा ही पाणवनस्पती आहे. याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, उंचावरच्या जांभ्याच्या सड्यांवरील पाणथळीत तो उगवतो, त्याचा गुलाबी तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो आणि नर व मादी रोपे वेगवेगळी असतात. परीक्षक मॅडमनी विचारले की फुले नसताना नर-मादी कशी मोजता. फुले नसताना मोजत नाही, प्रत्येक रोप फुलोऱ्यातच खूण करून ठेवते, असे सांगून मी वनविभागाच्या परवानगीने गोळा केलेला दाबलेला नमुना कॅमेऱ्यासमोर धरला. कागदावर फिकट झालेले दोन तुरे पडद्यावर स्पष्ट दिसले आणि मॅडम पुढे झुकून पाहू लागल्या. दहा मिनिटांचे सत्र पंचवीस मिनिटे चालले. त्या पंचवीस मिनिटांसाठी मी हा प्रवास पुन्हा करायला तयार आहे, मात्र सड्यावरच्या त्या खडकाशिवाय.

म्हणून भाग अवश्य घ्या, पण दोन दिवस आधी साताऱ्यात या. नमुना हातात तयार ठेवा, कारण स्लाइडवरचा फोटो लहान पडद्यावर कळत नाही. आलेख एकच ठेवा आणि त्यावरची अक्षरे आधी मोबाइलवर वाचून पाहा. परतीला दुपारी तीननंतर बामणोलीत पोहोचलात तर लाँच मिळेलच असे नाही, मला त्या रात्री तिथेच राहावे लागले.