पायरी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. मी पुण्याहून फोन केला की आई आधी सांगते, "चौथी बुडाली." तलावाच्या घाटाला अकरा पायऱ्या आहेत. वरून मोजायच्या की खालून, यावर गावात आजही एकमत नाही. आमच्या घरात खालून मोजतात. अकरावी बुडाली की सांडवा वाहतो, आणि त्या दिवशी पोरं शाळेत कमी अन् सांडव्यावर जास्त. चढणीचे मासे तिथे नुसत्या पंचानेही धरता येतात.

तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने मातीची पाळ घालून बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा तलाव'. गावात मात्र कुणी मामा म्हणत नाही. नुसतं तलाव. कोणता, असं विचारलं की समजायचं, पाहुणा आहे.

दिवाळीच्या सुमारास मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायका उकडलेले शिंगाडे घेऊन पाळीवर बसतात. काळंभोर टरफल, दोन बाजूंना दोन शिंगं. दातांनी मधोमध फोडायचा, अंगठ्याने दाबायचा, की पांढरा गर टुणकन बाहेर येतो. बोटं दोन दिवस काळी राहतात. मी एकदा सुरीने सोलायला गेलो, तर शिंगाडेवाली म्हणाली, "काहून जी, शहरात गेल्यावर दात पडले का?"

तलावाचा खरा हिशेब लागतो तो पाऊस परतल्यावर. लवकर पिकणारा हलका धान तोवर कापणीला आलेला असतो, उशिरा पिकणारा भारी धान मात्र लोंबी निसवताना शेवटचं पाणी मागतो. पाट वरच्या बांध्यांपासून, म्हणजे धानाच्या खाचरांपासून, सुरू होतो आणि आमची बांधी अगदी शेपटाला. मधले सगळे सज्जनच. फक्त रात्री कुणाच्या तरी बांधीचा बांध आपोआप फुटतो आणि पाणी तिकडे वळतं. म्हणून आमच्या पाण्याच्या पाळीच्या रात्री बाबा कंदील आणि फावडं घेऊन पाटावर बसायचे. आता कंदिलाऐवजी मोबाईलचा टॉर्च आहे. फावडं तेच.

आणि वर्षानुवर्षं साचणाऱ्या गाळाने एखादी पायरी खालून नाहीशी होते, हे मोजणीत कोण धरणार? पाणी अकरावीला टेकतं, सांडवा थाटात वाहतो, पण खाली पाण्याच्या जागी चिखल. शिवाय काठाने बेशरम नावाची झुडपं माजलेली. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

काल फोन केला. आई म्हणाली, "सातवी उघडी पडली."

"मग आपल्या बांधीला पोचेल का?"

"बाबा फावडं घेऊन गेलेत," ती म्हणाली.