जुन्या गोव्याचे मठ आणि एक रिकामी खिडकी

कोल्हापुरातून गोव्याला जाणाऱ्यांचा जुन्या गोव्यातला मुक्काम फार तर तासाभराचा. बॉम जीझसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीचं दर्शन, समोर से कॅथेड्रलच्या हिरवळीवर घरच्यांचा एक फोटो, की गाडी बीचकडे. बॉम जीझसला वळसा घालून जो चढ होली हिलकडे जातो, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझं मात्र सगळं मन त्या चढावरच अडकलं आणि हे लिहायला बसलोय तेही तिथल्या एका मोडक्या खिडकीमुळे.

मी लग्नाचे फोटो काढतो. पितृपक्षात आमच्या धंद्याला सक्तीची सुट्टी असते, मुहूर्त नसतात, स्टुडिओत फक्त पासपोर्ट साइजवाले येतात. घरचा म्हाळ उरकला आणि दाजींना म्हटलं, चला. दाजी बँकेतून निवृत्त झालेत, गाडी चालवायची हौस दांडगी आणि जुन्या दगडांची आवड माझ्याइतकीच. निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीला पोहोचलो तेव्हा घाटात दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. रस्ता आता ऐसपैस झालाय, पण आजऱ्याच्या पुढे दुतर्फा जी जुनी झाडं होती ती विरळ झालेली बघून वाईट वाटतं. पणजीत एका जुन्या घरात खोली घेतली. घरमालकीण आंटींनी सकाळी न मागता गरम पेज आणि कैरीचं लोणचं पुढं ठेवलं. हॉटेलातल्या बुफेपेक्षा हे मला कधीही चालतं.

मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिद्धगिरी नाहीतर एखादा लिंगायत मठ येतो. ख्रिस्ती मठांची तऱ्हा तशी फार वेगळी नाही. संन्याशांचा एकेक संप्रदाय, त्यांची शिस्त, राहायच्या कोठड्या, एकत्र जेवायची जागा आणि प्रार्थनेचं मंदिर. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, थिएटाइन असे कितीतरी संप्रदाय या एका गावात येऊन राहिले आणि प्रत्येकाने आपापला मठ उभारला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने हे संप्रदायच बरखास्त केले. मठ ओस पडले. जे चर्च म्हणून किंवा कचेरी म्हणून उपयोगी पडले ते टिकले, बाकीचे चिरा चिरा करत ढासळले. म्हणजे आज आपण जो जागतिक वारसा बघतो (युनेस्कोच्या यादीत १९८६ साली आला), त्यातला मोठा भाग हा ओस पडलेल्या घरांचा आहे.

फ्रान्सिस्कनांच्या मठात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे गव्हर्नर आणि व्हॉइसरॉय मंडळींची चित्रं भिंतभर लावलीत. दाजी त्यात रमले, मी लवकर बाहेर पडलो. थिएटाइनांचं सेंट कॅजेटन रोमच्या सेंट पीटरवरून बेतलेलं आहे. देखणं आहे, तिथे घुमटाखाली उभं राहून वर बघत मान दुखेपर्यंत फोटो काढले. पण असा फोटो तिथे जाणारा प्रत्येकजण काढतो.

सांता मोनिका मात्र वेगळंच प्रकरण. नन्ससाठीचा हा मठ, १६०६ मध्ये पाया घातला आणि १६२७ मध्ये पूर्ण झाला. तीन मजल्यांची अवाढव्य इमारत, बाहेरून भिंतींना भलेमोठे टेकू. एकदा आत गेलेली बाई पुन्हा बाहेर यायची नाही, असा तिथला नियम. १८३५ नंतर पुरुषांच्या मठांना टाळं लागलं, पण इथे सरकारने एवढंच केलं की नवीन कुणाला घ्यायचं नाही. होत्या त्या राहू दिल्या. मग एकेक नन म्हातारी होत गेली, एकेक कोठडी रिकामी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेवटची गेली तेव्हा मठ संपला. हे वाचून गेलो होतो म्हणून असेल, मला त्या इमारतीचा दर्शनी फोटो काढावासाच वाटला नाही. मी फक्त खिडक्या काढल्या. एकसारख्या, ओळीने, एकही उघडी नाही. आता आवारात धर्मशिक्षणाची संस्था आहे आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही आहे. ते सवडीने बघण्यासारखं आहे, घाईने जाऊ नका.

त्याच्या समोरच सेंट ऑगस्टीनचे अवशेष. लांबून दिसतो तो मनोरा, ४६ मीटर उंच, तोही अर्धाच. ऑगस्टिनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले, हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. मठ सोडून गेल्यावर १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला. आता वर आकाश आणि खाली थडग्यांची फरशी. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात आकाश मुद्दाम ठेवलेल्या गोलातून आत येतं, इथे ते छत पाडून आलंय, त्यामुळे दुपारी उजेड नुसता ओतल्यासारखा पडतो आणि फोटोत काहीच धड येत नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा किंवा ढगाळ दिवशी जा. आम्हाला ढग मिळाले.

दगड जांभ्याचा. मसाई पठारावर पायाखाली लागतो तोच, कोकणात याला चिरा म्हणतात. पाऊस पडून गेला की हा दगड काळसर तांबडा होतो. कॅमेरा त्याला उगीच लाल करून ठेवतो, मग सगळा मठ विटकरी रंगात बुडवल्यासारखा येतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाची देवळं काढायची सवय असलेल्याला हे फार छळतं. कोपऱ्यात कुठेकुठे जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा तुकडा शिल्लक आहे, त्याच्यावर व्हाइट बॅलन्स धरला तर दगडाचा खरा रंग सापडतो. जवळ जाऊन बघा, जांभ्याच्या प्रत्येक भोकात शेवाळ आणि नखाएवढी नेच्याची पानं. एका बाजूच्या चॅपेलच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या पोर्तुगीज टाइलचे काही तुकडे अजून चिकटलेले आहेत. त्यातल्या एका टाइलवर फुलाची अर्धी पाकळी आणि तिला जोडून कडेची निळी वेलपट्टी, बाकी सगळं गळून गेलंय. त्या एका तुकड्यापुढे मी बराच वेळ बसलो होतो.

हा दगड गिलाव्याशिवाय पाणी पितो, हे कोकणातला कुठलाही गवंडी सांगेल. बॉम जीझसवरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि ते आपल्याला आज तांबडं दिसतं. पर्यटकांना तोच रंग आवडतो. मला विचाराल तर इमारतीला गिलावा पुन्हा मिळायला हवा, फोटो बिघडले तरी चालतील. पावसाने झिजलेला चिरा परत आणता येत नाही.

आम्ही आत होतो तेवढ्यात एक प्री-वेडिंगची मंडळी आली. मुलगी घेरदार गाऊनमध्ये, मुलगा सुटात, गुलाबी धुराच्या नळकांड्या आणि दोन असिस्टंट. मधल्या भागात फरशीत मोठमोठे कोरीव दगड आहेत, कुणावर घराण्याचं चिन्ह, कुणावर पोर्तुगीज ओळी. ती थडगी आहेत. त्यांच्यावरच जोडप्याला उभं करून धूर सोडला. मला राहवलं नाही. कॅमेरा धरलेल्या पोराला म्हटलं, "भावा, खाली माणसं पुरलीत. बाजूच्या भिंतीकडनं घे, मनोरा तिथूनही येतो." तो म्हणाला, "सगळेच इथं काढतात, सर." मुलीने मात्र खाली बघितलं, गाऊन उचलला आणि मुकाट्याने बाजूला झाली. आमच्याच धंद्यातली ही गोष्ट आहे, म्हणून जास्त लागते. अंबाबाईच्या देवळात किंवा कुणाच्या समाधीवर असा धूर कुणी सोडू देईल का? माझ्याकडेही अशा मागण्या येतात, मी सरळ नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

हे सगळं तिथले एक वयस्कर रखवालदार लांबून बघत होते. जवळ आले. "खंयसून इलात?" विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर चेहरा खुलला, "म्हणजे अंबाबायच्या गावचे." ते बांद्याकडचे. मी म्हटलं, "काका, ती राणीची जागा कुठं?" काही न बोलता चालायला लागले, आम्ही मागोमाग.

मुख्य चर्चला लागून साधूंच्या सभेची जागा होती, चॅप्टर हाउस. आता फक्त कमरेएवढ्या भिंती. त्यातल्या एका खिडकीच्या तळाशी मोकळी जागा. काका म्हणाले, "हंयसर."

राणीचं नाव केतेवान. आजच्या जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, धर्म बदल म्हणून हरप्रकारे सांगितलं आणि ती बधली नाही तेव्हा १६२४ च्या सप्टेंबरात शिराझमध्ये तापलेल्या सांडशीने हाल करून मारलं. शिराझमध्ये ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले, लपवून ठेवले आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग गोव्याला या मठात आणला. पोर्तुगीज कागदात जागा लिहून ठेवलेली: चॅप्टर हाउसमधली दुसरी खिडकी, वेदीकडे तोंड केलं की उजव्या हाताची, दगडी पेटीत. पुढे मठ ओस पडला, छत कोसळलं, पेटी ढिगाऱ्याखाली गेली.

जॉर्जियाची माणसं तो कागद घेऊन शोधायला येत राहिली. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसला, २००४ च्या सुमारास तिथे हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची डीएनए तपासणी केली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, हाड बाईचं आणि जॉर्जियाकडच्या लोकांशी जुळणारं. जुलै २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला. तिथे ती संत मानली जाते.

काका सांगत होते, "ते लोक येतत, हंयसर गुडघ्यार बसतत, रडतत. फुलां ठेवतत." मी विचारलं, "आपले लोक?" त्यांनी मनोऱ्याकडे हात केला. तिथे धूर अजून चालू होता.

त्या जागेवर दाजी काय बोलले ते लिहायलाच पाहिजे. ते म्हणाले, "आपले राजाराम महाराजसुद्धा असेच राहिलेत की तिकडं." माझ्या अंगावर काटा आला. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज, वय अवघं वीस. इंग्लंड बघून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. परक्या शहरात, जिथे चितेची रीत कुणाला ठाऊक नाही तिथे, परवानगी काढून आर्नो नदीच्या काठी, मुन्योने नावाची नदी तिला मिळते त्या जागी त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, चार्ल्स मँटने आखलेली. आपला न्यू पॅलेस ज्याने आखला तोच हा मँट. शेजारच्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो' म्हणतात. शाळेत हे एका वाक्यात येऊन गेलं होतं. पण त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदाच मला वाटलं की तिकडच्या कुणी इटालियन माणसानेही असंच कुणाला तरी हात करून जागा दाखवली असेल.

खिडकीचे फोटो मी भरपूर काढले, त्यातले चांगले थोडेच. मोकळी जागा काढणं अवघड असतं, कारण फोटोत दाखवायला काही नसतंच. शेवटी ५० एमएमच्या लेन्सने कंबरेच्या उंचीवरून, भिंतीची जाडी दिसेल असा एक घेतला. त्या जाडीत पेटी बसत होती हे त्यात कळतं, मला तेवढंच हवं होतं. या खिडकीपाशी एक नीट फलक हवा, कोकणी आणि मराठीतही, राणी कोण, कुठून आली, परत कशी गेली हे सांगणारा. माहिती नसली की माणूस मनोऱ्यापुढे फोटो काढून परत जातो, त्यात त्याचा तरी काय दोष.

पुढचा दिवस पणजीत. तिथल्या पांढऱ्या चर्चच्या जिन्यावर नेहमीसारखी झुंबड, रील करणाऱ्यांच्या रांगा. वरच्या मनोऱ्यातली मोठी घंटा या ऑगस्टीनच्या मठातली आहे, १८७१ पासून ती पणजीत वाजते. मी खाली उभा राहून फक्त घंटेवर लेन्स लावली तर शेजारच्याने विचारलं, वर काय आहे? सांगितलं. त्यानेही मग मोबाइल वर केला, घरच्यांना बोलावून दाखवलं.

परतीला पाऊस, बांद्यात चहा, रात्री उशिरा घर.

आता एक मागणं. वाचणाऱ्यांपैकी कुणी फ्लॉरेन्सला जाणार असेल तर कृपा करून कळवा. छत्रीचे फोटो पुष्कळ मिळतात, मला छत्रीसमोरचा आर्नोचा काठ हवाय, दोन नद्या मिळतात ती जागा, पाणी आणि पलीकडचा तीर दिसेल असा, शक्यतो नोव्हेंबरच्या अखेरीला काढलेला. कुणी भेटलं नाही तर मीच जाईन. दाजींचा पासपोर्ट आहे, माझा काढायला टाकलाय.