गॅस नसलेला फ्रिज

मे महिन्यातली गोष्ट. अकोल्यात सकाळी अकरालाच माझ्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातला थर्मामीटर ४१ दाखवत होता आणि दारात तीन फ्रिज गॅस चार्जिंगच्या रांगेत उभे होते. तेवढ्यात एक विशी-बाविशीचा पोरगा औषध गार ठेवायचा, चपलेच्या खोक्याएवढा विजेचा डबा घेऊन आला.

"भाऊ, याच्यातला गॅस सरला वाट्टे. भरून द्या."

डब्यात त्याच्या आईच्या इन्सुलिनची कुपी होती. आईची शुगर पंधरा दिवस उतरत नव्हती, डॉक्टर डोस वाढवत होते.

या डब्यात गॅसच नसतो. कॉम्प्रेसर नाही, कॅपिलरीची बारीक नळी नाही. मधे साधारण काडेपेटीएवढी, चार सेंटिमीटरची चौकोनी प्लेट असते. बिस्मथ टेल्युराइडचे बारीक बारीक तुकडे, १२७ जोड्या. त्यातून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट सोडला की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. पेल्टिअर नावाच्या फ्रेंच माणसाला हे १८३४ मधे दिसलं होतं.

डबा चालू केला, पाच मिनिटांनी आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. आतला पत्रा चटका देत होता. मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला हात लावला तर तो गार! तारा बघितल्या. पंखा नवा, प्लेटचे जोड नव्याने डाग दिलेले.

"हे कोणी उघडलं होतं का?"

"पंखा बंद पडला होता. गावातल्या लाइटवाल्यानं बदलून देला."

घरात गाद्या भरायचं काम. कापसाची तूस जाऊन जुना पंखा अडकला होता. नवा बसवताना प्लेटची लाल आणि काळी तार उलटी जोडली गेली. करंट उलटा गेला की गार बाजू गरम होते. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, सगळं ठीक दिसतंय आणि आत औषध शेकतंय. थर्मामीटर ठेवला: ५२. मला घाम फुटला. शेकलेल्या औषधाने शुगर उतरणार कशी? पोराला म्हटलं, ही कुपी आता टोचायची नाही, आधी डॉक्टरांना फोन लाव आणि डबा उलटा तापत होता हे सांग. डॉक्टरांनी तत्काळ नवी कुपी घ्यायला आणि वाढवलेला डोस न देता आईला घेऊन यायला सांगितलं.

तारा सरळ केल्या, हीटसिंकच्या फिन्स ब्रशने साफ केल्या, थर्मल पेस्ट लावून प्लेट परत बसवली. पाऊण तासाने आत २१. असा डबा बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशच खाली नेतो, हे त्याला नीट समजावलं. चालू कुपीला तेवढं पुरतं. न उघडलेल्या कुप्यांना मात्र २ ते ८ अंश लागतात, त्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमधेच ठेवायच्या. आणि लाइट गेली की प्लेटमधूनच मागची उष्णता आत परतते. तेव्हा कुपी काढून माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवायची. फडकं भांड्याला, कुपी कोरडी.

मोठा फ्रिज असा का बनत नाही, त्याने विचारलं. कारण प्लेट वीज फार खाते. तेवढ्याच विजेत कॉम्प्रेसर कितीतरी जास्त उष्णता बाहेर फेकतो. गॅडोलिनियम धातू चुंबकाजवळ नेऊन, दूर करून थंडावा काढायचे प्रयोगही चालू आहेत, पण माझ्या दुकानापर्यंत ते अजून आलेले नाहीत. मी त्यांची मनापासून वाट बघतोय. दारातल्या त्या तीन फ्रिजमधे आर-१३४ए नावाचा गॅस होता. त्याचा एक किलो हवेत गेला की १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. पहिली दहा वर्षं मी हा गॅस व्हॉल्व्ह उघडून सरळ हवेत सोडत होतो. सगळेच सोडायचे. ट्रेनिंगमधे हा आकडा ऐकल्यापासून गॅस हवेत न सोडता काढून भरून ठेवायचा रिकव्हरी सिलिंडर घेतला, पण आधीचं गेलं ते गेलंच.

पैसे घेतले नाहीत, एक थर्मामीटर मात्र डब्यात ठेवून दिला. रात्री आठला फोन केला. आईने उचलला.

"२० हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "नवी कुपी ठेवली."