काळ्या पांढरीवर

लातूरहून मुरूडमार्गे तेरला पोचेपर्यंत गाडीच्या मागच्या काचेवर काळ्याच्या नाकाचे ठसेच ठसे झाले होते. जात कारवानी, लांब पाय, बारीक कंबर आणि रंग डांबरासारखा. फोटोत असल्या कुत्र्यामागं उजळ काहीतरी हवं, म्हणून तेरची पांढरी.

आपल्याकडं शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंती साचत साचत माती पिठासारखी होते. तेरची पांढरी तर सातवाहनकाळाइतकी जुनी. ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणातलं व्यापारी 'तगर' ते हेच, तेरणेकाठचं. पावसानं टेकाड धुपलं की खापरं, मणी वर येतात.

सकाळचे साडेसात. पहिले दहा फोटो वाया. पांढऱ्या मातीला बघून कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, तो फोटो अंधारा करतो, आणि काळ्याच्या जागी नुसतं कुत्र्याच्या आकाराचं भोक. मग एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, म्हणजे उजेड दुप्पट आत घेतला. माती भगभगली तर भगभगू दे. ऊन बाजूनं घेतलं तशी पाठीवरची केसं चकाकली, डोळे सापडले. डोळ्यांच्या उंचीवर जायचं म्हणून मी पोटावर आडवा झालो.

"पडलाव का काय?" शेळ्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही काका, कुत्र्याचा फोटो काढायलोय."

"मग त्याला उभं करा की. तुम्ही कशाला आडवं?"

तेवढ्यात काळ्यानं उकरायला सुरुवात केली. 1958 साली इथं रीतसर उत्खनन झालंय, हे बिनपरवाना. पट्टा ओढून आवरला. खापराचा तुकडा निघाला होता, तो तिथंच ठेवला. (घरी नेऊ नये. मोह होतो, कबूल.)

त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आणि गोरोबाकाकांचं मंदिर आम्ही आळीपाळीनं बघितलं, एकजण काळ्याला धरून बाहेर. त्रिविक्रमाची मागची बाजू चैत्यासारखी गोल आहे, ती चुकवू नका.

घरी येऊन बघितलं तर एकच फोटो जमलाय. शेळीकडं कान टवकारलेले, नाकाला पांढरी माखलेली, आणि कडेला म्हाताऱ्याचं अर्धं धोतर.